छतातल्या आठ कड्या

कल्पना करा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. जे खरोखरच नऊ वर्षांचे आहेत त्यांचं काम सोपं. बाकीच्यांनी जरा अंग चोरून बसा. तुम्ही एका गाडीच्या मागच्या सीटवर आहात. शेजारी आजोबा आहेत. त्यांचा गुडघा वाकत नाही, म्हणून त्यांचा पाय तुमच्या मांडीवर आहे. पुढे आई, आणि गाडी चालवणारे बाबा. शहर सुटून तीन तास झाले आणि तिन्ही तास बाबाच बोलताहेत. खिडकीबाहेर आधी शेतं गेली, मग वीटभट्टी गेली, आणि आता एक लहानसं गाव दिसतंय. गावाला चिकटून एक बारीकशी नदी वाहते आहे.

जमलं? आता हळूच खाली उतरा आणि तुमच्या जागी एका मुलीला बसू द्या, कारण गोष्ट तिची आहे. आजोबा तिला खारूताई म्हणायचे. तिच्या फ्रॉकच्या खिशात कायम काहीतरी साठवलेलं असायचं. त्या दिवशी एक काचेची गोळी होती, दोन बटणं होती आणि कसलीतरी बी होती. कसली ते तिलाही माहीत नव्हतं.

ही मंडळी गावात घर विकत घ्यायला चालली होती. बाबांना आता रोज ऑफिसात जावं लागत नव्हतं, घरी बसून काम करता येत होतं. त्यांचं काम तपासनिसाचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. असं काम फार वर्षं केलं की माणसाला एक खोड लागते. त्याला वाटायला लागतं, की चुका करायचं काम बाकीच्या जगाचं आणि शोधायचं काम आपलं एकट्याचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती जेवताना मिठाकडेसुद्धा संशयाने बघतात.

दोन आठवड्यांपूर्वी बाबा एकटे येऊन घर बघून गेले होते. आज सगळ्यांना दाखवायचं आणि करारावर सही करायची, असं ठरलं होतं.

गावात शिरल्यावर बाबा रस्ता विसरले. तसं कबूल करायला लागू नये म्हणून त्यांनी गाडी दोन वेळा गोल फिरवली. शेवटी एका शिवणकामाच्या दुकानापुढे थांबून त्यांनी काच खाली केली. दारातच शिलाई मशीन मांडून एक बाई बसल्या होत्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"नदीकडचं पांढरं घर कुठे आहे?" बाबांनी विचारलं. ना नमस्कार, ना काही.

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "विकायचंय ते? ते काय, समोरच. पण घरच घ्यायचं असेल तर वरच्या आळीत बघा ना. टेकाडावर दोन चांगली घरं..."

"बाई, मी रस्ता विचारला. सल्ला नाही," असं म्हणून बाबांनी काच वर केली.

शिंपीकाकूंनी टाचण्या परत तोंडात ठेवल्या. आता तोंड बंद ठेवायला त्यांना टाचण्यांची तशी गरज नव्हती.

घराशी जायच्या आधी आजोबांच्या गुडघ्याचं मलम घ्यायचं होतं. औषधाच्या दुकानात संध्याकाळसारखा अंधार होता. दुकानदाराने कोपऱ्यातली लांब काठी उचलली, हात उंचावला आणि पार वर, छताजवळ असलेलं दिव्याचं बटण काठीच्या टोकाने दाबलं. दुकानात उजेड पडला. बाबा हसायलाच लागले.

"हे काय? वायरमन काय खांद्यावर बसून काम करत होता?"

"सवय आहे साहेब," दुकानदार म्हणाला आणि मलम पुडीत बांधू लागला.

"सवय! पलीकडे चहावाल्याकडेही तसंच. पिठाच्या गिरणीतही तसंच. एकाने गाढवपणा केला की अख्खं गाव त्याच्या मागे." हे बाबा आईला सांगत होते, पण दुकानात उभ्या असलेल्या तिघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ते तिघं एकमेकांकडे बघून गप्प राहिले. खेड्यातली माणसं गप्प बसली म्हणजे त्यांना उत्तर सुचलं नाही, असं बाबांसारख्यांना वाटतं. वाटू द्या बिचाऱ्यांना.

घराच्या दारात दलाल उभाच होता. गाव त्याला होयबा म्हणायचं. तुम्ही काहीही म्हणा, तो "हो हो" म्हणायचा. पाऊस आहे म्हणा, हो हो. ऊन आहे म्हणा, हो हो. अशा माणसाबरोबर राहायला फार बरं वाटतं, विशेषतः ज्यांना आपलंच बोलणं ऐकायची हौस असते त्यांना.

"या साहेब, या वहिनी! आजोबा, सावकाश, उंबरा नवा आहे. सगळंच नवं आहे!"

आणि खरंच सगळं नवं होतं. रंग इतका ताजा, की नाकात झोंबत होता. दाराची चौकट नवी, फरशी नवी. भिंतीतली बटणं इथे मात्र खाली होती, शहरातल्यासारखी, हाताला येतील अशी.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "गावात एक तरी घर शहाण्या माणसाने बांधलंय."

"हो हो," दलाल म्हणाला.

"सगळं एकदमच का बदललं असेल?" आईने विचारलं. "चौकटसुद्धा?"

"हौस, वहिनी. मालकांना फार हौस."

मग बाबांची तपासणी सुरू झाली. तुम्ही ती बघायला हवी होती. त्यांनी मोबाइल हातात धरून घरभर फिरून रेंज बघितली. नळ सोडून बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजलं. खिडकीतून हात बाहेर काढून हवा शुद्ध आहे का, तेही मोबाइललाच विचारलं. मग खारूताईकडून काचेची गोळी मागून घेतली आणि फरशीवर ठेवली. गोळी जागची हलली नाही.

"एकदम सपाट!" बाबांनी जाहीर केलं. त्यांचा चेहरा असा फुलला, जणू फरशी त्यांनीच रात्रभर बसून घासली होती. घरातल्या सगळ्या वस्तूंना त्यांनी प्रश्न विचारले, फक्त गावातल्या एकाही माणसाला विचारला नाही.

मग खोल्यांची वाटणी झाली. वर नदीकडची मोठी खोली बाबांच्या कामाची. तिच्या शेजारची आई-बाबांची.

"अण्णा, तुम्हाला जिना नको," बाबा आजोबांना म्हणाले. "तुम्ही खाली, या मधल्या खोलीत. आणि ही पण खालीच, तुमच्या सोबतीला. रात्री पाणीबिणी लागलं तर देईल."

"मला काय, खाट कुठेही टाका," आजोबा म्हणाले. होयबाने पुढे केलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. त्यांनी जन्मभर बस चालवली होती. हजारो माणसांना नीट पोचवलेला माणूस, पण मुलाच्या घरात आपली अडचण होऊ नये, म्हणून हल्ली फार कमी बोलायचे.

खारूताईला खोली आवडली. आजोबांची खाट या भिंतीला, आपली त्या भिंतीला. ती जमिनीवर उताणी पडून आपलं नवं छत बघायला लागली. आणि तिला कड्या दिसल्या. छतात लोखंडी कड्या होत्या, जाडजूड, बोटाएवढ्या. तिने मोजल्या. आठ.

"बाबा, या कशाला?"

"झोपाळ्याच्या," दलालच आधी म्हणाला. "मालकांना फार हौस."

"झोपाळ्याला चार लागतात ना? आणि या तर चार या भिंतीशी, चार त्या भिंतीशी आहेत. भिंतीला लागून झोका कसा घेणार? पाठ आपटेल."

"दोन झोपाळे असतील," बाबा म्हणाले. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये."

"हो हो," होयबा म्हणाला.

आजोबांनी मान वर करून कड्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

कागद तपासायला बाबांना अर्धा तास लागणार होता. ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद पसरून स्वल्पविराम शोधत बसले. खारूताई मागच्या अंगणात गेली, नदी बघायला फाटकावर चढली, आणि उतरताना खिळ्यात अडकून तिच्या फ्रॉकची शिवण कमरेपासून खालपर्यंत टरकन उसवली.

"झालं!" आई म्हणाली. "जा, त्या समोरच्या काकूंकडे जाऊन दोन टाके घालून घे. आणि नीट बोल हो त्यांच्याशी."

खारूताई गेली. नीट बोलली. "काकू, नमस्कार. माझा फ्रॉक फाटला. आणि मघाशी आमच्या बाबांनी काच वर केली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते सगळ्यांसमोरच वर करतात."

काकूंच्या तोंडातली टाचणी हसण्याने पडता पडता राहिली. "उभी राहा इथे, दाराशी. अंगावरच शिवते. हलू नकोस, नाहीतर तुलाच फ्रॉकला शिवून टाकीन."

खारूताई चौकटीला टेकून उभी राहिली. चौकट जुनी, लाकडी, आणि तिच्यावर रेघाच रेघा. खाली खाली दाट होत गेलेल्या निळ्या रेघा.

"या आमच्याकडे पण आहेत," ती म्हणाली. "उंचीच्या. दर वाढदिवसाला आजोबा काढतात."

"हो, निळ्या आमच्या पोरांच्या. दोघंही आता दाराला डोकं लावतात, दांडगे."

"आणि या लाल दोन?"

काकूंची सुई थांबली. "त्या नदीच्या."

"नदीची उंची?"

"मग? तीही घरात येऊन उभी राहते की आमच्या. दर वर्षी नाही येत. पण आली की पाहुणीसारखी दारात थांबत नाही. ही खालची लाल रेघ तुझ्या जन्माआधीची. ही वरची सहा वर्षांपूर्वीची."

खारूताईने वळून बघितलं. वरची लाल रेघ तिच्या डोक्यावरून जात होती. काकूंनी गळ्यातली टेप काढून चौकटीला लावली. "साडेचार फूट. तू किती? चार फूट दोन इंच. म्हणजे तुझ्यावर चार बोटं पाणी."

"म्हणून बटणं वर!"

"हुशार आहेस. पाण्यात करंट उतरू नये म्हणून. गल्लीत सगळ्यांचीच वर."

"आणि आमच्या घरात... म्हणजे त्या घरात, छताला आठ कड्या आहेत."

"असणारच. आमच्याकडेही आहेत, आत जाऊन बघ. पाणी चढायला लागलं की खाटा, पेट्या, धान्याचे डबे, सगळं दोर लावून वर टांगायचं. एका खाटेला चार कड्या. त्या घरात दोन खाटा टांगायचे, तिथेही पाणी एवढंच चढतं." काकूंनी दोरा दाताने तोडला. "चौकट बदलली त्यांनी, बटणं खाली आणली, रंग फासला. कड्या नाही काढता आल्या. त्या छताच्या गजात अडकवलेल्या असतात. काढायच्या तर छत फोडायला लागेल."

"तुम्ही बाबांना सांगितलं का नाही?"

"सांगत होते की! टेकाडावर बघा म्हटलं. पुढचं त्यांना काचेतून ऐकू गेलं नाही." काकूंनी फ्रॉक झटकला. "आणि औषधवाल्याकडे आमच्या अकला काढून झाल्यात, ते ऐकलं मी. गाव लहान आहे, पोरी. इथे शिव्या आपल्या आधी घरी पोचतात. आमची नाही गरज त्यांना, तर नाही."

इथे मी तुम्हाला एक सांगतो. काकूंचं हे वागणं बरोबर नव्हतं. माणूस कितीही उद्धट असला तरी पाण्याची गोष्ट सांगायची असते. पाण्यात तो एकटाच बुडत नाही. ते काकूंनाही कळत होतं. कारण त्यांनी विचारलं, "खाली कोण झोपणार?"

"मी आणि आजोबा. आजोबांना जिना चढता येत नाही."

मशीनवरचा झिजलेला निळा खडू उचलून काकूंनी खारूताईच्या हातात ठेवला. मग गळ्यातली टेपही काढून दिली. "टेप परत आणून दे. खडू ठेव."

खारूताई धावतच घरात आली. बाबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"बाबा, थांबा! शिंपीकाकू म्हणतात, इथे नदी येते. साडेचार फूट. कड्या खाटा टांगायला आहेत."

"शिंपीकाकू!" बाबा हसले. "फ्रॉकला टाके घालणाऱ्या बाई आता घरांची तपासणी करतात होय? ती नदी बघितलीस का तू? बेडकाने पोहायचं म्हटलं तर त्याचं पोट घासेल."

"हो हो," होयबा म्हणाला. "लोक जळतात साहेब. बाहेरचं कोणी चांगलं घर घेतलं की पोटात दुखतं."

"अहो, पण एकदा विचारून बघायला काय हरकत आहे?" आई म्हणाली.

"कुणाला विचारू? काठीने दिवे लावणाऱ्यांना?"

मधल्या खोलीत आजोबा गुडघ्याला मलम चोळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अरे," ते आतूनच म्हणाले, "आपल्या डेपोच्या तळघरातही अशाच कड्या होत्या. पाणी शिरलं की टायर वर टांगायला..."

"अण्णा, प्लीज. कागद वाचतोय."

आजोबांनी मलमाचं झाकण लावलं. फार घट्ट लावलं.

बघा आता. मुलीने सांगितलं, बायकोने सुचवलं, बापाने सुरुवात केली. तिघांनाही या माणसाने शिंक आल्यासारखं झटकून टाकलं. अशा माणसाशी बोलून उपयोग नसतो. तो बोलण्यात पटाईत असतो, आणि पटाईत माणसाला हरवायचं तर त्याच्या खेळात उतरायचं नसतं. हे खारूताईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त तिच्या आजोबांची खाट कुठे येणार ते माहीत होतं.

ती मधल्या खोलीत गेली. भिंतीशी टेप लावली, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, आणि साडेचार फुटांवर निळ्या खडूने खूण केली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग तिसऱ्या. आणि मग ती रेघ ओढत निघाली. पांढऱ्याशुभ्र, ताज्या, नाकात झोंबणाऱ्या रंगावरून, खिडकीच्या चौकटीच्या अर्ध्यावरून, खाली आणलेल्या त्या सगळ्या शहाण्या बटणांच्या पुष्कळ वरून. खडूचा आवाज ओट्यापर्यंत गेला.

"अगं! काय चाललंय?" बाबा पेन घेऊनच धावत आले. मागे आई, तिच्या मागे होयबा. "नवा रंग आहे तो!"

"झालंच," खारूताई म्हणाली. "आजोबा, तुमची खुर्ची जरा मागे घेऊ का? भिंतीला टेकवून. जिथे तुमची खाट येणार तिथे."

आजोबा उठले, तिने खुर्ची सरकवली, ते परत बसले. ताठ बसले, जसे बसच्या चाकामागे बसायचे तसे. निळी रेघ त्यांच्या डोक्यावरून गेली. पांढऱ्या केसांच्या वर, चार बोटं. खारूताई त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिच्याही वर, चार बोटं.

बाबांनी रेघेकडे बघितलं. मग बटणांकडे. मग, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी मान वर करून आठ कड्या एकेक करून मोजल्या. त्यांचे ओठ हलत होते.

"हे काहीतरीच," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. ते दलालाकडे वळले. "तुम्ही सांगा. पोरीचा खेळ आहे ना हा?"

खारूताई मोरीत गेली आणि एक फडका भिजवून घेऊन आली. तो तिने दलालापुढे धरला. "काका, रेघ चुकली असेल तर तुम्हीच पुसा. आणि बाबांना सांगा, की नदी आत येत नाही."

होयबाने फडक्याकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. जन्मभर ज्याला दोनच अक्षरं येत होती, त्याला आता ती दोन्ही सापडेनात. तो एक पाय उचलून दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत उभा राहिला. बगळ्यासारखा. फडक्यातून पाण्याचे थेंब नव्या फरशीवर पडत होते, आणि फरशी एकदम सपाट असल्यामुळे ते कुठेच वाहून जात नव्हते.

"बोला की," आई म्हणाली. "मघापासून हो हो करताय."

"तसं... कधीतरी... येतं थोडंसं," होयबा म्हणाला.

बाबा तसेच उभे होते. एका हातात पेन, एका हातात टोपण. दुसऱ्यांच्या चुका शोधताना कधी न दमणारा माणूस, पण स्वतःची सापडल्यावर ती ठेवायची कुठे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी आपला दुखरा पाय जरा बाजूला घेतला, इतकंच. जागा करून द्यायला घेतात तसा.

आता तुम्ही विचाराल, मग खारूताईने काय केलं? ती हसली नाही. "मी म्हटलं होतं ना" असंही म्हणाली नाही, जरी ते तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिने खडू खिशात टाकला, बीच्या आणि बटणांच्या शेजारी. स्वयंपाकघरातून दुसरी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली. आजोबांच्या शेजारी, भिंतीला टेकवून, निळ्या रेघेखाली ठेवली. ओल्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली, आणि म्हणाली, "बाबा, या. तुम्ही पण बसून बघा."